पांढुर्ण्याचा कापूस आणि मुंबईचे भाडे

पांढुर्णा हे नाव गोव्यातल्या वाचकाने ऐकले असेल तर ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीत. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधल्या पात्रात रोवलेल्या झाडासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव. ही गोटमार सोडली तर या गावाची आठवण फारशी कोणी काढत नाही. शेजारच्या सौंसरची तर त्याहून नाही. वास्तविक हा सगळा मुलूख मराठी बोलणारा. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कचेरीत मात्र हिंदी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर हे मराठी तालुकेही राहिले. त्याआधी नागपूर हीच त्यांची राजधानी होती. शंभर किलोमीटरच्या आतली राजधानी एका रात्रीत परक्या राज्यातली झाली! ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला आणि सौंसर त्यात आले, एवढाच काय तो अलीकडचा बदल.

आपणही १९६७ च्या जनमत कौलानंतर महाराष्ट्राबाहेरचेच मराठी वाचक. त्यामुळे या लोकांविषयी मला पहिल्यापासून कुतूहल. पण आजचा विषय भाषेचा नाही, पैशांचा आहे. समुद्रकाठचे महाग शहर परवडते का, हा प्रश्न हल्ली जो तो विचारतो. मुलगा मुंबईला नोकरीला लागला की बाप आधी पगार विचारतो आणि मग भाडे. हा हिशेब आजचा नाही. या प्रश्नाची फार जुनी आणि फार सरळ उत्तरे मला सापडली ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, या कापसाच्या मुलखात.

जुन्या गॅझेटियरात छिंदवाड्याचे दोन भाग सांगितले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. सौंसर-पांढुर्णा घाटाखालचा. काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. संत्री आज प्रसिद्ध आहेत, पण त्या काळचे सोने म्हणजे कापूसच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर लोक वेडे झाले, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळे कोसळले. मुंबईची जमीन महाग का, या प्रश्नाचा एक धागा थेट या काळ्या मातीपर्यंत येतो. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली आणि मग तर कापूस गाठी बांधून सरळ बंदरावर जाऊ लागला.

आता इथे एक माणूस येतो, ज्याने हा हिशेब कागदावर मांडला. जमशेटजी टाटा. मुंबईत चिंचपोकळीला त्यांनी एक गिरणी चालवली आणि नफा घेऊन विकली होती. दुसरी गिरणी काढायची तर मुंबईतच, असे कोणीही म्हटले असते. भांडवल तिथे, व्यापार तिथे, गिरणगाव तिथे. टाटांनी मात्र नागपूर निवडले. कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली, आणि जमीन? तलावाजवळची दलदलीची जमीन स्वस्तात मिळाली. ती भरून काढली. एका सावकाराने, हा माणूस सोने मातीत घालतो आहे असे म्हणून पैसे नाकारले आणि पुढे, याने माती घालून सोने काढले अशी कबुली दिली, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. व्यवस्थापक म्हणून नेमले बेझनजी मेहतांना, जे रेल्वेच्या मालखात्यातले. गिरणीचा अनुभव शून्य! (आम्हा कारकून मंडळींना ही गोष्ट फार आवडते.)

पण स्वस्त गावाचीही किंमत असते. नागपूरच्या कामगाराला गिरणीच्या भोंग्याची सवय नव्हती, रोज कितीतरी माणसे गैरहजर. तेव्हा हजेरीची बक्षिसे आली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंडही. जमिनीवर वाचलेले पैसे माणसांवर घालावे लागले, आणि ते घातले म्हणून गिरणी चालली.

मग मुंबईत राहून गिरणीत खपणाऱ्यांना मुंबई कशी परवडली? माझ्या मते ती पगारामुळे परवडली नाही, खोलीमुळे परवडली. पहिल्या महायुद्धात भाडी बेसुमार वाढली तेव्हा १९१८ साली सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याने तर बहुतेक जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बी.डी.डी. चाळी उठल्या, २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. या सगळ्या योजनेला पैसा हवा म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला. म्हणजे पहा, पांढुर्ण्याच्या जिनातून निघालेली गाठ मुंबईला पोचली की तिथल्या चाळीसाठी रुपया मोजत होती. महाग शहरातली स्वस्त खोली आतल्या मुलखाने भरलेली होती!

आपल्या गोवेकरांचे तरी काय वेगळे? धोबीतलाव-माझगावच्या कुडी आठवा. गावाच्या नावाची कूड, एका खोलीत भिंतीला लावलेल्या पेट्या, नाममात्र वर्गणी. बोटीवर चढणारा खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे उतरायचा. गिरगावच्या चाळीतल्या खोल्यांतून आपल्याकडचे किती गायक-नट वाढले. कूड नसती आणि चाळ नसती तर यातल्या कितीजणांना मुंबई दिसली असती?

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना गिरणी पुन्हा मिळाली नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर काय उभे राहिले ते सर्वांना माहीत आहे. जमीन कापडापेक्षा मोलाची झाली की गिरणी थांबत नाही, गाव मुंबई असो वा नागपूर. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली, नंतर बंद पडली, आणि तिच्या जागेवर मॉल आहे.

आणि सौंसर? जमशेटजींचा हिशेब शंभर वर्षांनी पुन्हा मांडला गेला तो नेमका याच तालुक्यात. रेमंडची मूळ गिरणी ठाण्याची, १९२५ पासूनची. १९९१ साली कंपनीने सौंसर तालुक्यातल्या बोरगाव औद्योगिक वसाहतीत कारखाना घातला. ठाण्याची गिरणी २००९ च्या सुमारास थांबली आणि २०१९ पासून तिच्या जमिनीवर कंपनी स्वतःच घरे बांधून विकू लागली. सुटाचे कापड सौंसरला विणावे आणि ठाण्याची जमीन विकावी, हे कंपनीला परवडते. कारखाना किनारा सोडून आत जाऊ शकतो. ठाण्याचा विणकर घरदार उचलून सौंसरला जात नाही, हा फरक हिशेबात कुठेच दिसत नाही.

सरकार हा हिशेब कसा करते तेही सांगतो, कारण तो माझ्या रोजच्या पोटापाण्याचा भाग. केंद्राच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय आणि झेड. जानेवारी २०२४ पासून दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. मूळ पगार चाळीस हजार धरला तर मुंबईत बारा हजार, नागपुरात आठ, पांढुर्ण्यात चार. बारा हजारांत मुंबईत कुठे आणि कसली खोली मिळते ते मुंबईकरांनीच सांगावे. चार हजारांत पांढुर्ण्यात बऱ्यापैकी घर मिळायला हरकत नसावी. गंमत अशी की हे वर्ग भावांवरून ठरत नाहीत, लोकसंख्येवरून ठरतात. पन्नास लाखांवर एक्स, पाच लाखांवर वाय. समुद्राचा त्यात संबंधच नाही. त्या नियमाने आपली पणजी पांढुर्ण्याच्या रांगेत झेडमध्ये बसली असती. म्हणून गोव्यासाठी खास आदेश काढून वायचा दर ठेवलेला आहे. म्हणजे कागदोपत्री पणजी आणि नागपूर सारखे. पर्वरीत भाड्याने घर शोधणाऱ्या कोणालाही विचारा.

मुंबईने आधी काम दिले, मग खोली दिली, आणि जमीन त्यानंतर महागली. गोव्यात उलटे चालले आहे. जमीन आधी महागली, कामाचा पत्ता नाही. आपल्याकडे १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवरच्या घराला संरक्षण दिले, पण ते तेव्हा तिथे राहणाऱ्यांना. आज लग्न करून वेगळा संसार मांडू पाहणाऱ्या मुलासाठी ना चाळ आहे, ना कूड, ना गोठवलेले भाडे. आणि घरे नाहीत असे तर मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे नोंदले गेले, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात.