घण, यंत्र आणि एक विसरलेला बाहुलीपट

माझे आजोबा बोरघाटात रेल्वेचे गँगमन होते. घण उचलताना ते तोंडाने एक ठेका धरत. जॉर्ज पाल यांचा 'जॉन हेन्री अँड द इंकी-पू' हा १९४६चा बाहुलीपट प्रथम पाहिला, तेव्हा मला तोच ठेका आठवला.

कथा सरळ आहे. रेल्वेवर घण मारणारा धिप्पाड कृष्णवर्णीय मजूर. वाफेचे यंत्र येते, सोबत्यांची रोजी जाणार असे दिसते. तो यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि मरतो.

हंगेरीत जन्मलेले पाल नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अखेर अमेरिकेत पोहोचले. त्यांच्या 'पपेटून्स'मध्ये प्रत्येक हालचालीसाठी वेगळी डोकी, वेगळे पाय लाकडात कोरत. त्यांच्या आधीच्या 'जॅस्पर' मालिकेतील कृष्णवर्णीय मुलाच्या चित्रणावर टीका झाली होती. हा पट मात्र 'एबनी' मासिकाने वाखाणला. ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार 'टॉम अँड जेरी'च्या 'द कॅट कॉन्सर्टो'ला गेला. १९४७मध्ये वाढत्या खर्चापायी पपेटून्सच बंद पडले. यंत्राशी झुंजणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणारी हस्तकलाच परवडेनाशी झाली! अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या पटाला जागा मिळाली ती २०१५ साली.

इतिहास या कथेहून कठोर आहे. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने १८७०च्या सुमारास व्हर्जिनियातील तुरुंगाचे कैदी बोगद्यांच्या कामाला लावले होते. जॉन हेन्री त्यांपैकीच एक होता, असे इतिहासकार स्कॉट नेल्सन मांडतात. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. खडकाची धूळ दोघांच्याही फुप्फुसांत. पालांच्या पटात हा तुरुंग नाही. त्याने जॉन हेन्रीला मान दिला, पण बेड्या गाळल्या. मला ही उणीव मोठी वाटते.

तरीही त्याला निदान नाव उरले. आमच्या बोरघाटात १८६१मध्ये सुमारे ४२,००० मजूर राबत होते. नवरा वारल्यावर कंत्राट पुढे चालवणाऱ्या ॲलिस ट्रेडवेल यांचे नाव पुस्तकांत सापडते. माझ्या वाचनात त्या मजुरांपैकी एकाचेही नाव अजून आलेले नाही.

आजोबांचा ठेका मला येतो. त्यातले शब्द मात्र त्यांच्याबरोबरच गेले.