गर्भवतीचें भय आणि व्हिएन्नाचें प्रसूतिगृह

दिवस भरत आले म्हणजे गर्भवती स्त्रीच्या मनांत नाना शंका येऊं लागतात. सुटका सुखरूप होईल ना, मूल धडधाकट निपजेल ना, आणि पुढें आपला देह पूर्ववत् होईल ना, हे प्रश्न तिला रात्रीं स्वस्थ निजूं देत नाहींत. घरांतील मंडळी 'मनाचे खेळ' म्हणून ते उडवून लावतात. परंतु या भयाला हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, असें शिकविणारें एक प्रकरण वैद्यकाच्या इतिहासांत घडून गेलें आहे. तें ऑस्ट्रियाच्या राजधानींतील, म्हणजे व्हिएन्ना शहरांतील होय.

तेथील सार्वजनिक रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं उघडलें. त्याच्या प्रसूतिगृहांत गोरगरीब व अविवाहित स्त्रियांची विनामूल्य सोय होत असे. बाळंतपणानंतर मूल सरकारी अनाथगृहांत ठेवतां येई. मोबदला इतकाच, कीं विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आपली तपासणी करूं द्यावी. या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० च्या राजाज्ञेनंतर पहिल्या विभागांत केवळ वैद्यकाचे विद्यार्थी व दुसऱ्यांत केवळ सुइणी शिकूं लागल्या. दोहोंत आळीपाळीनें भरती होई. त्यामुळें कोणत्या स्त्रीनें कोठें जावें, हें तिच्या इच्छेवर नव्हे, तर वारावर ठरे.

या वाटणीनंतर दोन विभागांत मोठा भेद दिसूं लागला. १८४१ पासून १८४६ पर्यंतच्या सहा वर्षांत पहिल्या विभागांत शंभर बाळंतिणींपैकीं सुमारें १० दगावल्या. दुसऱ्यांत हें प्रमाण चारांच्याही आंत राहिलें. बहुतेकींचा घात सूतिकाज्वरानें होई. प्रसूति नीट पार पडे, मूल रडे, आणि एकदोन दिवसांत मातेला हींव भरून ताप चढे. पोट फुगून तिला असह्य वेदना होत, आणि थोड्याच दिवसांत सारें आटोपे.

शहरांतील गरीब स्त्रियांना हें ठाऊक होतें. चुकीच्या दिवशीं आलेली गर्भवती आपण पहिल्या विभागांत आहों असें कळतांच गुडघे टेकून, हात जोडून, घरीं जाऊं देण्याची विनवणी करी. कित्येकजणी वाटेंतच मोकळ्या होणें पत्करीत आणि मागाहून मुलाला घेऊन रुग्णालयांत येत. वाटेंतच प्रसूति झाली असें सांगितलें कीं अनाथगृहाचा लाभ मिळे आणि तपासणीही चुके. विशेष हें, कीं रस्त्यांत बाळंत झालेल्या या स्त्रियांना सूतिकाज्वर क्वचितच होई.

विद्वानांनीं मात्र कारणें भलतींच शोधलीं. कोणी हवेंतील दूषित प्रभावाला दोष दिला. कोणी परपुरुषांनीं तपासल्यानें दुखावणाऱ्या लज्जेला दिला. एका चौकशी समितीनें परदेशी विद्यार्थ्यांच्या आडदांड तपासणीवर ठपका ठेवला. आणि कित्येकांनीं असें सांगितलें, कीं या स्त्रिया भितात म्हणूनच मरतात! ज्या भयानें सावध व्हावयाचें, त्यालाच त्यांनीं रोगाचें मूळ ठरविलें.

१८४६ सालीं या विभागांत इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा हंगेरियन डॉक्टर साहाय्यक म्हणून आला. त्याचें वय तेव्हां अवघें २८ वर्षांचें होतें. त्यानें प्रत्येक मत पारखून पाहिलें. हवा दूषित म्हणावी, तर दोन्ही विभाग शेजारींच होते. भयाविषयीं त्याचा प्रश्न सरळ होता: मृत्यूंचा बोभाटा झाल्यावर जें भय उत्पन्न झालें, तें त्या पहिल्या मृत्यूंचें कारण कसें ठरेल? मरणोन्मुख स्त्रियांच्या अंतिम धर्मविधीसाठीं येणारा धर्मगुरु घंटा वाजवीत खाटांजवळून जाई व स्त्रियांचा थरकांप होई. सेमेलवाइसनें ती घंटा बंद करविली व त्याचा मार्ग बदलविला. तरी मृत्यु कमी झाले नाहींत.

उलगडा झाला तो एका मित्राच्या मरणानें. १८४७ च्या मार्चमध्यें प्राध्यापक कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याच्या सुरीची जखम झाली आणि ते त्यांतच वारले. त्यांच्या देहांत आढळलेलीं चिन्हें बाळंतिणींच्या देहांतील चिन्हांसारखींच होतीं. सेमेलवाइसनें ओळखलें, कीं विद्यार्थी व डॉक्टर शवागारांतून येऊन त्याच हातांनीं गर्भवतींना तपासतात, आणि तेच हात मृत्यु वाहून आणतात. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. त्या डॉक्टरांत सेमेलवाइस स्वतःही होता. मे महिन्यांत त्यानें नियम केला, कीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणीं तपासूं नये. एप्रिलमध्यें शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूंचें प्रमाण जूनमध्यें दोहोंच्या आसपास आलें. १८४८ सालीं ३,५५६ बाळंतपणांत ४५ माता दगावल्या, म्हणजे दोन्ही विभाग जवळजवळ सारखे झाले.

तथापि आपल्याच हातून मृत्यु पसरला, हें मानणें अनेक मोठ्या डॉक्टरांना जड गेलें. १८५० मध्यें सेमेलवाइस व्हिएन्ना सोडून गेला. त्याचा ग्रंथ १८६१ मध्यें निघाला, पण त्याची उपेक्षाच झाली. १८६५ मध्यें व्हिएन्नांतील वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला. पुढें १८७९ मध्यें लुई पाश्चर यानें सूतिकाज्वराचे जंतु दाखवून दिले, तेव्हां वाद मिटत गेला.

महाराष्ट्राच्या इतिहासांतही अशाच दुःखाशीं जोडलेलें एक नांव आहे. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या वयांत माता झाल्या आणि त्यांचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें. त्याच आनंदीबाई अमेरिकेंत जाऊन १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या, आणि त्यांनीं आपल्या प्रबंधासाठीं विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुरुष डॉक्टरांपुढें आपलें दुखणें बोलण्यास येथील स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्रियांसाठीं स्त्री डॉक्टर हव्यात, असें त्यांनीं जाण्यापूर्वीं सांगितलें होतें. गर्भवतीचें मन ऐकणारें कोणी असावें, हीच त्या मागणीच्या पोटांतील गोष्ट होती.

श्रोतेहो, गर्भवतीची प्रत्येक शंका खरी ठरते, असें नव्हे. बहुतेक शंका सुखरूप सुटकेबरोबर विरून जातात. परंतु खरी कोणती व पोकळ कोणती, हें तिचें बोलणें ऐकून घेतल्याखेरीज कळत नाहीं. व्हिएन्नाच्या त्या गरीब, निराधार स्त्रियांना रोगाचें कारण माहीत नव्हतें. धोक्याची जागा मात्र त्यांनीं अचूक ओळखली होती. त्यांचें म्हणणें वेळेवर कोणीं मनावर घेतलें असतें, तर कित्येक लेंकरें आईला पारखीं झालीं नसतीं. म्हणून नववा महिना लागलेली सून किंवा लेक कांहीं विचारूं लागली, तर तिला 'उगी रहा' म्हणूं नये. हातचें काम बाजूला ठेवावें, तिच्याजवळ बसावें, आणि ती काय सांगते तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.