भाऊसाहेब परत आले! : मेलेल्या नायकांचे पुनरागमन आणि १७७६ चे कोकण

१/
सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे चाहते दोन प्रश्नांवर हिरिरीने वाद घालतात. मेलेला नायक परत आला, तर तो खरोखर तोच असतो का? आणि काळात मागे जाऊन एक घटना बदलली, तर पुढचे सारे बदलते का? हे दोन्ही वाद महाराष्ट्राला नवे नाहीत. पहिला वाद तर इथे तलवारी आणि किल्ले घेऊन लढला गेला. त्या लढ्याचा एक टप्पा आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर संपला.

२/
आधी कॉमिक्सकडे पाहू. नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंकात सुपरमॅनचा मृत्यू दाखवला गेला. पुढे त्याचे थडगे रिकामे निघाले आणि १९९३ च्या कथानकात त्याचे चिन्ह छातीवर मिरवणारे चार जण पुढे आले. यांतला खरा कोण, की एकही नाही, यावर वाचकांनी महिनोन्‌महिने तर्क लढवले. थडगे रिकामे, शोक ताजा आणि दावेदार अनेक, अशी ती मांडणी होती. आता हीच मांडणी अठराव्या शतकात पाहू.

३/
१४ जानेवारी १७६१, पानिपत. दुपारनंतर पेशव्यांचा थोरला पुत्र विश्वासराव गोळी लागून पडला. सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसताच सेनापती पडल्याची हूल उठली आणि फौजेचा धीर सुटला. त्यानंतर भाऊंना जिवंत पाहिल्याची खात्रीशीर साक्ष देणारे फारसे कोणी उरले नाही. रिकाम्या अंबारीने त्या दिवशी मरणाची वार्ता पसरवली. पुढे त्याच अनिश्चिततेतून ते जिवंत असल्याची वार्ता निघाली.

४/
पुरावा मुळीच नव्हता, असे मात्र नाही. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने रणांगणावरील शोधाचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. भाऊंचे धड शिराविना सापडले, अंगावरील खुणांवरून ते ओळखले गेले आणि शुजाच्या मध्यस्थीने अंत्यसंस्कार झाले, असे तो सांगतो. परंतु शिर नसलेले धड, परक्या छावणीत पटवलेली ओळख आणि पुण्यापासूनचे हजारावर किलोमीटरचे अंतर यांमुळे संशयाला जागा उरलीच.

५/
संशयाला जागा असणे वेगळे आणि ती जागा भरून काढण्याची निकड असणे वेगळे. महाराष्ट्रात अशी निकड घरोघर होती. पानिपतावर गेलेल्या असंख्य माणसांचे काय झाले, हे त्यांच्या कुटुंबीयांना कधीच कळले नाही. नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. सेनापतीच्या घरातच आशा जिवंत होती. मग आपला मुलगा कुठेतरी तगून असेल, असे मानणाऱ्या एखाद्या आईला वेडी कोण म्हणणार?

६/
अशा वातावरणात १७६० च्या दशकात ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक मनुष्य प्रकट झाला. मराठी साधनांत त्याचे नाव सुखनिधान असे येते. तो बुंदेलखंडाकडील कनोजी ब्राह्मण होता. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पकडण्यात आले, त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि त्याची रवानगी कैदेत झाली. प्रकरण इथेच संपायला हवे होते. काही वर्षे ते संपल्यासारखे दिसलेही.

७/
ते पुन्हा का पेटले, हे समजण्यासाठी १७७६ चे पुणे पाहावे लागते. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. गादीवर एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेले बालक होते आणि कारभार बारभाईंच्या हाती होता. १ मार्च १७७६ रोजी इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला, पण त्यावर कोणाचाच फारसा भरवसा नव्हता. थोडक्यात, राज्याला कर्ता पुरुष हवा होता. असा कर्ता पुरुष म्हणून लोकांच्या आठवणीत भाऊंचे नाव ठसलेले होते.

८/
तोतया त्या वेळी रत्नागिरीच्या किल्ल्यात कैद होता. तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने १७७६ च्या प्रारंभी त्याला मुक्त केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा पक्ष घेतला. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले तोतयाच्या स्वाधीन झाले आणि हजारोंची फौज जमली. पंधरा वर्षांपूर्वी मृत झालेला सेनापती आता प्रत्यक्ष हुकूम सोडत होता. यात काही जण मनापासून फसले, काहींनी बारभाईंवरचा राग काढला, तर काहींनी वारा पाहून पाठ फिरवली. बाहेरून मात्र या तिघांचा जयघोष एकच ऐकू येत होता.

९/
पुण्याने महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर धाडले. त्यांनी तोतयाच्या फौजेचा मोड केला आणि तो किनाऱ्याकडे पळाला. पेण तालुक्यातील डोलवीजवळ उभे राहिले की हा भूगोल ध्यानात येतो. आज डोलवी पोलादाच्या कारखान्यासाठी ओळखले जाते. धरमतरच्या खाडीच्या पूर्वेला पेण आणि पलीकडे अलिबाग. घाटावरचे सैन्य मागे लागलेल्या माणसापुढे या प्रदेशात खाड्या आणि त्यांपलीकडचा समुद्र एवढ्याच वाटा उरतात. अलिबागकडच्या किनाऱ्यावर सत्ता होती कुलाब्याच्या रघूजी आंग्रे यांची.

१०/
रघूजींनी तोतयाला पकडून पुण्याच्या हवाली केले. पुन्हा चौकशी झाली, पुन्हा तोच निष्कर्ष निघाला. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली आणि त्याला साथ देणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. पुढे न. चिं. केळकर यांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. ‘तोतया’ या शब्दाला मराठी मनात आजही जी धार आहे, तिच्यामागे या प्रकरणाची स्मृती आहे.

११/
असा प्रकार फक्त मराठ्यांच्याच वाट्याला आला, असे नव्हे. ४ ऑगस्ट १५७८ रोजी पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोतील अल्कासेर किबीरच्या लढाईत नाहीसा झाला. त्याच्या मृतदेहाच्या ओळखीविषयी शंका राहिली. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि पुढच्या काळात ‘मीच सेबास्तियन’ म्हणणारे चार जण निघाले. त्या काळी कुलाब्याच्या दक्षिणेचे चौल पोर्तुगीजांकडेच होते. म्हणजे या किनाऱ्याने हरवलेल्या राजाची वाट पाहणारी एक सत्ता त्याआधी दोन शतके पाहिली होती.

१२/
ही उदाहरणे शेजारी ठेवली की पुनरागमनाच्या तीन अटी दिसतात. मृत्यूचा पुरावा अपुरा किंवा दूरचा असतो. मागे राहिलेले राज्य दुबळे आणि भयग्रस्त असते. आणि परतलेल्या नायकाच्या नावाचा उपयोग करू पाहणारे हात तयार असतात. माधवरावांच्या काळात पहिली अट होती, पण राज्य खंबीर होते. म्हणून तोतया कैदेतच राहिला. १७७६ मध्ये तिन्ही अटी जुळल्या. माणूस तोच होता, त्याच्याविषयीचा पुरावाही तोच होता. बदलली होती ती लोकांची गरज.

१३/
आता दुसरा वाद. सप्टेंबर १९६१ च्या ‘फ्लॅश’च्या अंकात दोन समांतर पृथ्वींची कथा आली आणि कॉमिक्समध्ये पर्यायी विश्वांची वाट प्रशस्त झाली. मराठीत हाच प्रश्न जयंत नारळीकरांनी थेट पानिपतावर नेला. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा वर्तमानात पोहोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. ते भूतकाळात जात नाहीत. त्याच वर्तमानाच्या दुसऱ्या फांदीवर पोहोचतात. चाहत्यांच्या वादात हा भेद कळीचा असतो आणि नारळीकरांनी तो नेमका सांभाळला आहे.

१४/
कथेला एक गोळी पुरते. इतिहासाला पुरत नाही. ती गोळी चुकली असती तरी ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने यमुना ओलांडलीच होती, मराठ्यांचा दिल्लीशी संपर्क तुटलाच होता. छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू आणि बायकामुले होतीच आणि अडीच महिन्यांच्या कोंडीत अन्न संपलेच होते. फौज उपाशीपोटी रणात उतरली होती. ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न निरर्थक नाही. एक कारण काढून पाहिले की उरलेल्या कारणांचे वजन कळते, एवढा त्याचा उपयोग मोठा आहे. मात्र ती सारी कारणे विसरून केवळ एका गोळीला दोष देणे म्हणजे पराभवाचाही तोतया उभा करणे होय.

१५/
दोन्ही वादांच्या मुळाशी एकच भावना आहे: झालेले नुकसान मान्य न करण्याची. ती तुच्छ लेखण्याजोगी नाही. पार्वतीबाईंचा नकार हा शोकाचाच एक प्रकार होता आणि त्याने कोणाचे वाईट झाले नाही. रत्नागिरीचा जयघोष मात्र वेगळा होता. त्या नावाखाली माणसे लढली, किल्ले पडले, शिक्षा झाल्या आणि इंग्रज दाराशी असताना राज्याचे सैन्य आपल्याच मुलखात गुंतले. कॉमिक्समधला नायक परततो तेव्हा पुढचा अंक निघतो. १७७६ मध्ये नायक ‘परतला’, त्याची किंमत जिवंत माणसांनी दिली.

१६/
म्हणून ‘तो परत आला आहे’ अशी हाक कोणत्याही काळात ऐकू आली, तर ‘हा खरा की खोटा’ याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. तो परत यावा, अशी गरज कोणाला आहे? आणि त्या गरजेपायी कोणता पुरावा नजरेआड केला जात आहे? सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. ते जिवंत असायला हवेत, असे वाटणारा महाराष्ट्र पुढे पंधरा वर्षे त्यांची वाट पाहत राहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या वाट पाहण्याचा आदर करावा आणि तारीखही विसरू नये.