हातसडीचा तांदूळ

भाताचे तूस काढल्यावर दाण्यावरील तांबूस कोंडा व अंकुर बव्हंशी शाबूत राहतील अशा बेताने उखळात मुसळाने सडलेला तांदूळ. कोकणात भात प्रथम घिरटावर भरडून, सुपाने पाखडून मग सडण्याचा रिवाज होता; गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत घासलेल्या तांदळातून जे तंतू, स्निग्धांश व ब-जीवनसत्त्वे कोंड्याबरोबर निघून जातात, ती यात पुष्कळ अंशी टिकतात. ही हानी किती गंभीर आहे, हे प्रथम जावा बेटावर उमगले : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बटाव्हिया येथे ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्यास असे आढळले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसदृश पक्षाघात जडतो आणि कोंड्यासह तांदूळ चारताच त्या पुन्हा उभ्या राहतात. हा गुण असलेले कोंड्यातील ब-जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, १९२६ मध्ये विलग करण्यात आले. १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने (स्थापना १९३४) हातसडीचा जो हिरिरीने पुरस्कार केला, तो आरोग्य व ग्रामीण रोजगार या दोन्ही दृष्टींनी सर्वथा उचितच होता. हा तांदूळ शिजण्यास पाणी व वेळ अधिक लागत असल्याने तो आधी भिजत घालावा. कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो, सबब फार साठवू नये.