नात्यांची मोजदाद

भाऊ जवळ नसला म्हणजे भाऊबीजेला चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडची रीत. गेली पुष्कळ वर्षे मी चंद्रालाच ओवाळते आहे. माझा दादा १९९७ साली अमेरिकेत गेला, यथाकाल तेथला नागरिक झाला, आणि २००९ च्या भाऊबीजेला फोनवर म्हणाला, "तुझी ओवाळणी धाडली बरं का! तुम्हां सगळ्यांना इकडे आणण्याचा अर्ज टाकला." त्या वेळी माझा मुलगा पाच वर्षांचा होता. आज तो कॉलेज संपवून नोकरी शोधतो आहे. ओवाळणी अजून वाटेतच आहे. आईसाठी दादाने केलेला अर्ज मात्र वर्ष-सव्वा वर्षात मंजूर झाला आणि ती गेलीही. आई इतकी जवळची आणि बहीण इतकी लांबची, हे माप कोणी ठरवले? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो मोठा गमतीचा आहे आणि थोडा दुःखाचाही.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून एकट्या निघाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी व्हिसा नव्हता. तो लागतच नसे. (चिनी मजुरांना मात्र आदल्याच वर्षी कायद्याने दार बंद झाले होते.) न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ना रक्ताचे नाते, ना धर्माचे, ना भाषेचे. पण मावशी ती मावशीच! आजच्या कायद्यात सख्खी मावशीदेखील नात्यात धरत नाहीत. काका, मामा, आत्या, आजी, आजोबा, सारे त्याच्या लेखी परके.

पुढे दार हळूहळू लोटले गेले. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बऱ्याच मोठ्या भागातील लोकांना बंदी झाली. त्यात हिंदुस्थानही आला. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारे पंजाबी जाट आधीच तेथे पोचले होते. त्यांच्या बायकामुलांना मागाहून येण्याची वाट राहिली नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. लगेच पुढल्या वर्षी देशवार कोट्याचा कायदा आला. त्यात नागरिकांच्या बायकांना आणि अज्ञान मुलांना कोट्याबाहेर सवलत होती. म्हणजे घर एकत्र आणण्याची सोय झाली, पण ती नागरिकांना. आणि नागरिकत्वच आपल्याला नाकारलेले! पुष्कळ पंजाब्यांनी मग मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने करून तिकडेच संसार थाटले. त्यांतल्या काहींच्या गावच्या अंगणात कोणी वाट पाहत बसले असेल, त्याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

१९४६ च्या जुलैत, आपले स्वातंत्र्य वर्षभरावर आले असताना, ल्यूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि प्रवेशासाठी वर्षाला जागा मिळाल्या फक्त शंभर. या कायद्यामुळेच दलीपसिंग सौंद १९४९ साली नागरिक होऊ शकले आणि १९५६ साली तेथल्या काँग्रेसवर निवडून आले.

खरी गंमत घडली ती १९६५ साली. देशवार कोटा रद्द करण्याचे ठरले, आणि नव्या कायद्यात आधी शिकलेल्यांना घ्यावे, असा सरकारचा बेत होता. परंतु ओहायोचे प्रतिनिधी मायकेल फेघन यांनी आग्रह धरला, की आधी नातेवाईक. हिशोब उघड होता. देशात बहुतेक लोक युरोपी वंशाचे. ते आपल्याच भावाबहिणींना बोलावणार. म्हणजे कोटा गेला तरी देशाचा तोंडवळा बदलणार नाही. म्हणून भावाबहिणींना शेकडा २४ जागा मिळाल्या आणि उच्चशिक्षितांना शेकडा १०. कायद्याला टोपणनावही पडले, 'भाऊबहिणींचा कायदा'. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली.

हिशोब मात्र पार उलटा झाला. युरोपात तोवर सुबत्ता आली होती. तिकडच्या भावाबहिणींना देश सोडण्याची निकड राहिली नाही. इकडून शिक्षणाच्या बळावर डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले; पाच वर्षे काढून नागरिक झाले आणि त्यांनी भावाबहिणींसाठी अर्ज टाकले. घराला बाहेरून कडी घालायला गेले, आणि तीच कडी आतून उघडली गेली!

पण उघडलेल्या दाराशी गर्दी झाली. १९९० च्या कायद्याने वाटणी नव्याने केली. नागरिकाचा जोडीदार, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईबाप यांना संख्येची मर्यादा नाही. म्हणून आमची आई लवकर गेली. भावाबहिणींना साऱ्या जगात मिळून वर्षाला ६५,००० जागा. त्यांत बहीण, तिचा नवरा, तिची मुले हे सारेच मोजले जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या शेकडा सातच्या वर नाही. लहानसा देश असो की आपला, माप एकच! हिंदुस्थानातील बहिणीला सोळा-सतरा वर्षे आणि त्याहूनही अधिक थांबावे लागते, ते यामुळे. २०१३ साली तर ही भावाबहिणींची रांगच मोडण्याचे विधेयक सिनेटने संमत केले होते. खालच्या सभागृहात ते विचाराला आलेच नाही, म्हणून रांग टिकली.

या रांगेची एक अट मोठी कठोर आहे. एकवीस वर्षांचे झालेले मूल आईबापांच्या अर्जातून गळते. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा करण्याची सवलत २००२ च्या कायद्याने दिली आहे. ती माझ्या मुलाला पुरेल की नाही, हे क्रमांक लागेल तेव्हाच समजायचे. न पुरली, तर मी आईजवळ जाणार आणि मुलगा इथे राहणार. मग त्याच्यासाठी मी अर्ज करायचा, आणि पुन्हा दुसरी रांग.

परवा आईने फोनवर विचारले, "तू येणार तरी कधी ग?" मी म्हटले, "तू परत ये ना!" दोघीही हसलो. पुढे बोलणे झाले नाही.

आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ साली पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, घरच्याच माणसांत, त्या आजही आहेत. कोणत्या नात्याने, असे त्या मावशीला कोणी विचारले नाही.

यंदाही बीजेची कोर पश्चिमेला घटकाभर दिसेल. मी ताट तयार ठेवणार आहे. मुलाला मात्र आतापासूनच सांगून ठेवले आहे, त्या दिवशी संध्याकाळी घरी थांब.