धाव्याच्या उतारावरचे म्हातारे



वेळापूरच्या अलीकडे पालखीच्या वाटेवर एक उतार लागतो. तुकोबारायांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. म्हणून दिंड्या आजही तेथे धावा करतात. तरण्या पोरांच्या धावण्यात नवल नाही. बघावे ते सत्तरीच्या टाळकऱ्याला. आळंदीपासून दोनशेच्या आसपास किलोमीटर पायाखाली गेलेले, तरी गडी धोतराचा सोगा खोचून खाली सुटतो आणि टाळ चुकत नाही.

हे बळ पांडुरंगाने दिले, असे मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितले. आता गुडघ्याला पट्टा बांधून खापरखेड्यात ओसरीवर बसल्यावर वाटते, अर्धेच सांगितले.

तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा वेगळा काढून त्याला आजची घडी दिली. हैबतबाबा शिंदे सरकारच्या पदरी होते, लष्करी शिस्तीतले. म्हातारा माणूस आणि लहान पोर एकाच फौजेबरोबर न्यायचे, तर चाल कशी ठेवावी हे त्यांना कळत होते. दिंड्यांचा क्रम, निघण्याचे कर्णे, विसाव्याच्या जागा, मुक्काम, सगळे बांधलेले. पुण्याहून दिव्याचा घाट चढून सासवड गाठायचे, ही तीसएक किलोमीटरची मजल सर्वांत जड. तिच्या आधी पुण्यात आणि नंतर सासवडला बहुधा दोन-दोन रात्री मुक्काम असतो. पायांना सवड मिळते ती अशी.

दुसरी गोष्ट पावलीची. टाळाच्या ठेक्यावर पुढे, मागे, गुडघा किंचित वाकवून, मग उडी. रिंगणानंतर फुगडी आणि हुतुतू. कोणी त्याला व्यायाम म्हणत नाही. म्हटले असते तर निम्मे म्हातारे आलेच नसते! आळंदीला १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढणारे जोग महाराज तालमीत घडलेले होते. वारकऱ्याचा देह दुबळा असावा, असे आमच्या परंपरेत कोणी शिकवले नाही.

आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्यांची वाट आणखी लांब. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून जाते असे सांगतात, आणि तिला महिन्याहून अधिक चालावे लागते. ज्यांना तेवढे जमत नसे त्यांच्यासाठी कोलबास्वामींचे धापेवाडा होते. तिथेही नदी चंद्रभागाच, आणि आषाढी पौर्णिमेला पांडुरंग तिथे येतो ही आमच्याकडची श्रद्धा. आमचे वडील पहाटे कन्हानला अंघोळ करून निघत आणि दिवस मावळायच्या आत पोहोचत. ते जमिनीवर जेवत, उकिडवे बसून विडी ओढत (हे सांगायला नको होते), आणि हात न टेकता उठत. वारी थोड्या दिवसांची, पण पाय वर्षभर तयार होत होते.

माझे तसे झाले नाही. कीर्तनात दोन-दोन तास उभा राहिलो, पण गावोगाव गेलो ते मोटारीने. यजमानाने खुर्ची दिली की बसलो. मान वाटायचा. गेल्या वर्षी डॉक्टरांनी घड्याळ लावून सांगितले, छातीवर हात बांधा आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता ते पाहू. सहाव्या वेळेला मांड्या थरथरल्या. त्यांनी सांगितले, वयाबरोबर मांडीचे मांस झिजते आणि तेच पडण्याचे मोठे कारण, पण या वयातही सरावाने ताकद परत येते.

आता पारायणाच्या मंडपात मागच्या दोन ओळी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या असतात. ज्यांना खरेच बसवत नाही त्यांच्यासाठी त्या असाव्यातच. पण पन्नाशीचा धडधाकट माणूस तिथे आधी जागा धरतो, तेव्हा मला राग येतो. माझाही येतो.

रोज संध्याकाळी नातू टाळ वाजवतो आणि मी ओसरीच्या खांबाला एक हात लावून पावली धरतो. खुर्चीवरून उठणे आता अकरावर गेले आहे. यंदा पौर्णिमेला धापेवाड्याला पायी निघायचे ठरवले आहे. सुनबाई म्हणते, मागून गाडी आणते. आणू दे, पण तिला म्हटले, फार जवळ आणू नको.