आसन्नमूळ आणि अंकस्थानें

जुन्या पोथींत मोठा अंक आला कीं तो शेवटच्या स्थानापर्यंत ताडून पाहावा, आणि न जमल्यास लेखकप्रमाद समजून दुरुस्त करावा, असा पुष्कळ संग्राहकांचा परिपाठ आहे. तो सर्वत्र निर्दोष नाहीं, हें दाखविण्यासाठीं आम्ही लीलावतींतील एक उदाहरण घेतों.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास रचिलेल्या या ग्रंथाच्या आरंभींच एकापासून परार्धापर्यंत अठरा दशगुणोत्तर स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. आम्हीं जन्मभर मुलांकडून ‘एकं, दहं, शतं’ घोकून घेतलें. परंतु कोणतें स्थान राखावें व कोणतें सोडावें हें ठरवितांना या स्थानांचा खरा उपयोग होतो, हें आम्हांस क्षेत्रव्यवहार शिकवितांना उमगलें.

भुज सव्वातीन व कोटि सव्वातीन असतां कर्ण किती, असें तें उदाहरण आहे. दोन्ही वर्गांची बेरीज १६९/८ येते. तिचें मूळ निःशेष निघत नाहीं. तेव्हां आचार्य सांगतात कीं, अंश व छेद यांच्या गुणाकारास एखाद्या मोठ्या वर्गानें गुणावें, मूळ घ्यावें, आणि त्यास गुणकाच्या मुळानें गुणिलेल्या छेदानें भागावें. गुणक त्यांनीं अयुत, म्हणजे १०,००० घेतला. १,३५२ चे १,३५,२०,००० झाले, मूळ ३,६७७, भाजक ८००, कर्ण ४ पूर्णांक ४७७/८००. गुणक न घेतां काम केलें असतें तर ३७/८, म्हणजे ४ पूर्णांक ५/८ एवढ्यावरच थांबावें लागलें असतें. अयुतानें मुळांत दोन स्थानें अधिक मिळालीं. गुणक लक्ष किंवा कोटि कां नाहीं, असें कोणी विचारील, तर तीं वर्गस्थानें नव्हत. शत, अयुत, प्रयुत, अर्बुद हीं वर्गस्थानें होत.

आतां मुख्य मुद्दा. ३,६७६ चा वर्ग १,३५,१२,९७६ होतो व ७,०२४ शेष राहतात; ३,६७७ चा वर्ग १,३५,२०,३२९, म्हणजे ३२९ नें अधिक. वर्गमूळाच्या नेहमींच्या रीतीनें गणक ३,६७६ वर थांबेल. आचार्यांनीं वरचा अंक घेतला, कारण तोच जवळचा. आणि त्यास त्यांनीं ‘आसन्न’ असेंच म्हटलें. ही चूक नव्हे, निवड आहे. मात्र हें गणित गद्य विवरणांत अंकांनीं मांडिलेलें असल्यामुळें छंदाचें रक्षण त्यास नाहीं. एखादा दक्ष शोधक ७ चे ६ करील आणि आपण ग्रंथ शुद्ध केला असें मानील. ३,६७६ हा पाठ कोठें आढळल्यास आम्ही तरी तो मागाहून झालेली दुरुस्तीच समजूं.

‘आसन्न’ हा शब्द आर्यभटानेंहि (इ. स. ४९९) योजिला आहे : व्यास २०,००० असतां परिधि ६२,८३२. दोहोंस १६ नें भागिलें कीं लीलावतींतील ३९२७/१२५० हें सूक्ष्म मान मिळतें. त्याच्या शेजारींच आचार्य २२/७ हें व्यवहाराचें स्थूल मानहि देतात. व्यास ७ असतां एकानें परिधि २१ पूर्णांक १२३९/१२५० येतो, दुसऱ्यानें २२. दोन्ही ग्रंथकर्त्याचींच, एकानें दुसरें खोडूं नये.

याच्या उलट अहर्गणाची गोष्ट. कल्पारंभापासून शकारंभापर्यंत १,९७,२९,४७,१७९ वर्षें गेलीं असें भास्कराचार्य धरितात. त्यांचे दिवस मांडूं लागल्यास अंक बारा स्थानांचा होतो. येथें मात्र एकंस्थान सोडतां येत नाहीं, कारण एका दिवसाची चूक झाली कीं मध्यम चंद्र तेरा अंशांहून अधिक सरकतो. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं ग्रहलाघवांत (शके १४४२, इ. स. १५२०) अकरा वर्षांचें, ४,०१६ दिवसांचें चक्र योजून वरचींच स्थानें उडविलीं, अहर्गण चार अंकांत आला आणि दिवस एकहि सुटला नाहीं. ही युक्ति आम्हांस मूळ सिद्धांताइतकीच मोलाची वाटते.

ज्यांच्या संग्रहीं लीलावतीच्या सविवरण प्रती असतील त्यांनीं कर्णाच्या या स्थळीं ३,६७७ आहे कीं ३,६७६ तें पाहून ठेवावें. आणि अंकावर हरताळ फिरविलेला असेल तर त्याखालचा अंकहि, दिसेल तेवढा, उतरून घ्यावा.